खाणीतला बाबू

सन १९६२, संक्रांतीनंतरचा मंगळवार. अकोला, जठारपेठेतलं आमचं घर. हजर: सासूबाई, थोरल्या जाऊबाई, चौकशीला आलेले साहेब, माझा थोरला भाऊ आणि मी. त्या दिवशी काय झालं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही.

भाऊ चांद्याकडच्या कोळसा खाणीत होता. ठेकेदाराचा मजूर — खाली उतरून कोळसा फोडायचा. छाती धुळीनं भरली तेव्हा त्याला घरी पाठवलं. त्यानं सरकारकडे भरपाईचा अर्ज केला. हजेरीपटावर नाव नव्हतं, म्हणून त्याचं काम काय होतं ते भरपाईत वाटा नसलेल्या घरच्या माणसानं सांगायचं होतं. ते माणूस मी. बोलायचं होतं एकच वाक्य.

पण आधी हे ऐका. माझं लग्न जुळवताना बाबांनी सांगितलं होतं, माझा मुलगा खाणीच्या हापिसात बाबू आहे. ती थाप पुढे वाढवली कुणी? मीच. टेबल, पंखा, शिपाई — एकेक करत मीच भावाला देत गेले.

साहेबांनी मला विचारलं, "भाऊ खाली उतरायचे का?"

माझ्याआधी सासूबाईच हसल्या. "खाली काहून उतरन तो? बाबू हाय. शिपाई पानी आनून देते त्याले."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. भाऊही. त्याच्या मनगटांवर, कातडीखाली, कोळशाचे निळे डाग होते. खरं बोलले असते तर काय झालं असतं? जाऊबाई महिनाभर टोमणे मारत्या. एवढंच.

"हापिसातच होता तो," मी म्हणाले.

भावानं हात शालीखाली घेतले. मला खोटं पाडलं नाही.

संध्याकाळी मूर्तिजापूरच्या गाडीत बसताना, दम घेत घेत म्हणाला, "बाबूले इतका खोकला येते काय, शांते?"

अर्ज फेटाळला. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

अर्ज डॉक्टरमुळेच फेटाळला म्हणून वहिनी त्याला शिव्या देते — मी मान हलवते. सासूबाईही वारल्या. आता लपवायचं कुणापासून? तरी गेल्या आठवड्यात वहिनी भरपाईचा नवा अर्ज घेऊन आली, म्हणाली, "तुमच्यापेक्षा जास्त कोनाले माईत हाय, शांताबाई?" आणि मी अर्ज ठेवून घेतला, तिला चहा दिला, गाडीवर सोडून आले.

आज डाळ निवडून झाली. रॉकेल आणलं. गाद्यांना ऊन दिलं. साक्षीदाराची सही राहिली आहे.