साहेबासाठी राखलेला कान

"जरा उजेडात," असे म्हणून आमचे डॉक्टर रोग्याची हनुवटी दोन बोटांनी फिरवीत. गिऱ्हाईक मडके फिरवून पाहते, तशी.

मी जव्हारात त्यांच्या दवाखान्यात मलमपट्टी करीत असे. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. बोटांत कसब, पण डोळे सदा दाराकडे, कोणी बडा येतो आहे का म्हणून.

एकदा सूर्यमाळचा एक शेतकरी आला. संस्थानच्या पाहुण्यांच्या शिकारीत रान उठवायला त्याला धरून नेले होते. अस्वलाच्या पंजाने त्याच्या कानाची कातडी सोलली, आतली कूर्चा, म्हणजे कानाचे मऊ हाड, उघडी पडली. पाहुण्यांनी अस्वल मारले आणि फराळ केला.

डॉक्टरांनी कानामागची कातडी उचलून कूर्चेवर ओढली आणि शिवली. टाके असे सुबक की मी बघत राहिलो.

"तीन आठवड्यांनी कान डोक्यापासून सोडवू. मागे मांडीची कातडी लावू."

तीन आठवड्यांत कातडी धरली. कान जगला, पण डोक्याला चिकटलेला.

"आज सोडवायचा ना?" मी विचारले.

"घाई नको. मुंबईचे सर्जनसाहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर करू."

साहेब येईनात. तो माणूस ओसरीवर बसून राहिला. गावातला कोणी प्रतिष्ठित आला की डॉक्टर शेतकऱ्याला त्याच्यापुढे उभे करीत. "हा माझा कान!"

"डाकतर, तुमचा हाय तर तुमीच ठेवा," तो हसून म्हणे. "मला जाऊ द्या. नागलीची रोपं लावायची हायेत."

"अरे, कान मोठा की नागली?"

"कान काय पोरांना शिजवून घालू?"

मी म्हणालो, "डॉक्टर, हत्यारे उकळून ठेवली आहेत. आता करून टाका."

"बोलली चळवळीची पत्रके वाचणारी मंडळी!" म्हणत त्यांनी नवा कोट झटकला. तोही साहेबासाठीच शिवलेला.

दुसऱ्या सकाळी शेतकरी निघून गेला. पुढे साहेब आले, चहा प्याले, पाऊण तासात गेले. कानाची गोष्टच निघाली नाही. दसऱ्याच्या सुमारास डॉक्टर तापाने वारले.

नागली घरात आल्यावर शेतकरी कान सोडवायला आला. दवाखान्याच्या दाराला कुलूप. मी सारे सांगितले. तो पायरीवर टेकला.

"दुसरा कोन करील?"

"इथे कोणी नाही, दादा."

त्याने चिकटल्या कानावरून तळवा फिरवला. "हात हलका होता त्याचा. दुखलं नाय मला."

डॉक्टरांसाठी साठवलेल्या शिव्या माझ्या ओठांवर आल्या होत्या. पण तो खोटे बोलत नव्हता. हात हलकाच होता. तोच हात खिशात घालून ते साहेबाची वाट पाहत बसले.