आपापलं वाढून घ्या

सुजाताचं पत्र आलं तेव्हा मी शाळेतून येऊन नुकते पाय धुतले होते. सुजाता म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, लताची मुलगी. जामखेडकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पत्रात मोजून चार ओळी होत्या. 'मावशी, येत्या रविवारी अंकुशचे आई-वडील आपल्याकडे भिंगारला जेवायला येणार आहेत. ते जेवले तर आमचं लग्न. नाही जेवले तर मी नकार देणार आहे. तू ये.'

अंकुश त्याच दवाखान्यात कंपाउंडर. मुलगा सरळ, गुणाचा. पण आम्ही बौद्ध, आणि ते जामखेडच्या पलीकडचे हिंदू शेतकरी. कोरडवाहू जमीन, दिवाळी झाली की अंकुशचे आई-वडील ऊसतोडीला जाणार. अंकुश रजिस्टर लग्नाला एका पायावर तयार होता. सुजाताच अडून बसली होती. आईपासून तोडून आणलेला नवरा मला नको, त्या माउलीनं माझ्या घरी चार घास खावेत, मग बघू, असं तिचं म्हणणं. पोरगी हट्टी आहे. लता म्हणते, मावशीवर गेली आहे.

शुक्रवारी रजा टाकली आणि पहाटेची पुणे गाडी धरली. सोबत आमसुलं, फणसपोळी आणि कोकम सरबताची एक बाटली घेतली होती. कुंभार्ली घाट चढताना ऑगस्टचं धुकं खिडकीतून आत येत होतं, डोंगर हिरवेगार ओले होते आणि मी मनातल्या मनात अंकुशच्या आईशी भांडत होते. कराड येईपर्यंत बाटलीचं बूच निसटलं आणि माझी बदामी साडी मांडीवर लालभडक झाली. कंडक्टर घाबरून म्हणाला, "बाई, लागलं का काय?" म्हटलं, "नाही हो, सरबत आहे." अख्खी गाडी हसली. मलाही हसू आलं, पण साडी गेली ती गेलीच.

पुण्याला गाडी बदलली. शिरूर सोडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा रंग पार बदलला. चिपळूणच्या डोळ्यांना ही जमीन आधी उघडीवाघडी वाटते. लांबच लांब माळ, मधेच बाजरीचं एखादं गुडघाभर शेत, बाभळी, आणि वर केवढं तरी आभाळ. शेजारी एक म्हातारी येऊन बसली, मांडीवर माळव्याची (भाजीपाल्याची) पाटी.

"कुठल्या तुमी?"

"चिपळूणची."

"तिकडं लई पानी पडतंय म्हनं?"

"पडतं हो. नको इतकं."

"मंग जराक आनायचं की संगं," ती म्हणाली आणि स्वतःच खळखळून हसली. औंदा तिच्याकडे पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. उतरताना तिनं माझ्या पिशवीत दोन काकड्या टाकल्या, कशाला म्हणून विचारायलाही थांबली नाही.

नगरच्या स्टँडवर माझे मेहुणे प्रल्हादराव सायकल घेऊन उभे होते. भिंगारच्या लष्करी भागात एका मेसमध्ये ते सव्वीस वर्षं खानसामा आहेत. माणूस बोलायला कमी, हाताला चव भारी. माझी पिशवी त्यांनी हँडलला लावली आणि मला रिक्षात बसवून स्वतः मागून आले. भिंगारमध्ये दोन गावं शेजारी शेजारी नांदतात. एकीकडे जुना बाजार, पितळेची दुकानं, गुळाच्या ढेपा, माश्या, गलका. दोनशे पावलं पुढे गेलं की चुन्यानं रंगवलेले झाडांचे बुंधे, एका रांगेतले दगड आणि सन्नाटा. प्रल्हादरावांच्या चाळीतल्या दोन खोल्या या दोहोंच्या मधे आहेत.

रात्री लतानं शेंगोळी केली होती (हुलग्याच्या पिठाच्या वळकट्यांचं झणझणीत कालवण). मी तीनदा घेतली. जेवण झाल्यावर प्रल्हादरावांनी रविवारचा बेत सांगितला. त्यावर ते आठवडाभर विचार करत होते म्हणे.

"ताई, मेसमध्ये साहेब लोकांची पार्टी असते ना, तसं करायचं. मधे भाताचं पातेलं. एका बाजूला पांढरं चिकन, साय-काजू घातलेलं, तिखट नाही. बाजूला वाट्या. तळलेला कांदा, उकडलेली अंडी, बटाट्याचे काप, लिंबू, कोथिंबीर, ठेचा. ज्यानं त्यानं आपल्याला पाहिजे तसं ताट रचायचं."

"आणि चिकन नाही खाल्लं त्यांनी तर?"

"म्हणून दुसऱ्या पातेल्यात तेच वाटण, पण बटाटा-मटार. तेही नको असलं तर भात आणि दही. तेही नको असलं तर केळी ठेवू." मग म्हणाले, "कुणावर नाही म्हणायची वेळ यायला नको, ताई. आपण वाढलं आणि त्यांनी ताटावर हात आडवा धरला, म्हणजे त्यांनाही अवघड अन् पोरीलाही. आपण वाढायचंच नाही."

हा माणूस जेवणाचा बेत करत नव्हता, नकाराच्या पायऱ्या बांधत होता. पण त्यांनी आजवर किती अपमान गिळले असतील ते मला ठाऊक आहे, म्हणून मी तोंड उघडलं नाही. माझ्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले. बॉयलर कोंबडी त्यांनी लांबूनच नाकारली, पाहुण्यांना गावरानच पाहिजे. घरी येऊन काजू आणि टरबुजाच्या बियांचा मगज भिजत घातला, दह्यात कोंबडी मुरवली, आठवड्याची साठवलेली साय फेटली. वेलदोडा, मिरी, आलं. कांदा वाफवून वाटला, परतू दिला नाही, रंग चढतो म्हणून. मंद आचेवर साय घालून ते पातेलं असं काही रटरटायला लागलं की शेजारच्या दोघी 'मीठ आहे का' म्हणून येऊन गेल्या. लतानं टेबलावर नवी चादर अंथरली. वाट्या मी मांडल्या.

सुजाता आणि मी स्टँडवर गेलो. जामखेडची गाडी तासभर उशिरा आली. अंकुश बरोबर नव्हता. 'मी असलो तर माझ्या तोंडाकडं बघून खातील, मनानं खाऊ दे,' असा निरोप त्यानं दिला होता. आई कौसाबाई, ठेंगणी, काटक, नऊवारीचा पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. वडील रंगनाथराव, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. सुजाता पायाशी वाकली तर कौसाबाई नुसतं "असू दे, असू दे" म्हणाल्या. रिक्षात दोघंही रस्त्याकडे बघत बसले.

घरी पाणी झालं, चहा झाला. चहा दोघांनी घेतला, तेव्हा माझा जीव थोडा भांड्यात पडला. मग प्रल्हादरावांनी दोघांच्या हातात कोरी ताटं दिली, टेबलाकडे हात केला आणि पाठ केल्यासारखं म्हणाले, "आपापलं वाढून घ्या. लाजू नका. ज्याला जे चालतं ते घ्या." आणि आम्हा सगळ्यांना डोळ्यांनी खुणावून स्वयंपाकघरात घेऊन गेले. कुणी बघत नसलं म्हणजे पाहुणे मोकळेपणी घेतील, हा त्यांचा हिशोब.

आम्ही चौघं त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभे. बाहेर पंख्याची घरघर. डावाचा आवाज नाही, ताटाचा आवाज नाही. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. रंगनाथराव पंख्याकडे बघत होते. कौसाबाई मांडीवर रिकामं ताट घेऊन खाली मान घालून बसल्या होत्या. चिकनवर सायीचा थर धरत होता.

प्रल्हादराव हळूच म्हणाले, "असू दे. मला वाटलंच होतं." त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून घडी घातली. लतानं पदर तोंडात कोंबला. सुजातानं एक घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं, आणि ते पाहून माझं डोकं फिरलं.

मी पडदा बाजूला केला आणि तडक बाहेर गेले. "काय हो, जेवायचं नसेल तर तसं तोंडानं सांगा ना! पहाटेपासून राबतोय तो माणूस. असं ताट घेऊन बसून आमचा जीव का टांगता?"

कौसाबाईंनी मान वर केली. डोळे भरलेले, आणि वर रागानं लाल.

"जेवायचं न्हाई? कोन म्हनलं जेवायचं न्हाई? आवं बाई, आमी कवाधरनं ताट घिऊन बसलोय! तुमीच समदी आत जाऊन दडला. आमच्यात पाव्हन्याला असं म्होरं मांडून निघून जात न्हाईत. आपल्या हातानं घ्यायला आमी काय हावरी हाय का? पयल्यांदा आल्याल्या घरी कोन हात घालतंय पातेल्यात?" त्यांचा आवाज चिरकला. "मला वाटलं, तुमी सरकारी नोकरीची मानसं. आमी कोयतेवाली. म्हून वाढायला बी कुनी उभं ऱ्हाईना."

रंगनाथराव पुटपुटले, "सकाळपास्नं उपाशी हाय ती. पोरीच्या घरी पोटभर जेवायचं म्हून."

शरमेनं कानशिलं तापली. मागे बघते तर प्रल्हादराव दारात उभे, पंचा हातातच.

"आवं, बगताय काय नुसतं?" कौसाबाईंनी ताट त्यांच्यापुढे धरलं. "वाढा की. तुमच्या हातानं वाढा."

सव्वीस वर्षं हजारोंचं जेवण रांधलेला तो माणूस पुढे आला. डावभर भात ताटात पडला, चार शितं चादरीवर. मग चिकन. "रस्सा घालू?" त्यांनी विचारलं आणि उत्तर यायच्या आतच घातला. लता रंगनाथरावांना वाढायला धावली. सुजातानं पाण्याचे तांबे भरले आणि भरता भरता रडून घेतलं.

कौसाबाईंनी पहिला घास खाल्ला.

"अगं बया! ह्यात तिखट हाय का न्हाई? दुधातली कोंबडी केली का काय!"

एकदम असा हशा उसळला की शेजारच्या दोघी पुन्हा डोकावल्या. मग काय, कौसाबाईंनी ठेच्याची वाटीच जवळ ओढली, वर तळलेला कांदा चुरला, लिंबू पिळलं, कालवून एक घास घेतला आणि मान डोलावली. "हां, आता जमलं." रंगनाथरावांनी दोन अंडी फोडून भातात कुस्करली. प्रल्हादराव चिकनचं पातेलं घेऊन त्यांच्यामागे उभेच. ताटावर हात आडवा आला की हात बाजूला करून वाढायचे, "एवढं घ्याच, तुम्हाला माझी शपथ." मी त्यांना आग्रह करताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मेसमध्ये कोण कुणाला आग्रह करतं? आणि मेसबाहेर त्यांनी कधी धजावून केला नव्हता.

हात धुतल्यावर कौसाबाईंनी सुजाताला जवळ बसवून घेतलं. "पोरी, तुला आमच्यात सैपाक नसला आला तर चालंल. पन पाव्हन्याला वाढायला शिकावं लागंल, बापावानी नगं." मग प्रल्हादरावांकडे वळून म्हणाल्या, "कारखान्याचं धुराडं पेटायच्या आत उरकून टाकू. एकदा कोयता उचलला का आमी पाडव्यापर्यंत घावत न्हाई."

लोक काय म्हणतील, भावकी येईल का, हे सगळं पुढे होतंच. रंगनाथराव म्हणालेही, "गावात थोडं ऐकून घ्यावं लागंल." त्यावर कौसाबाई म्हणाल्या, "ऐकू की. कान हायेत."

मंगळवारी मी परत निघाले. शिरूरपर्यंत माळ बघत बसले, या खेपेला तो उघडावाघडा वाटला नाही. प्रल्हादरावांचे ते शब्द डोक्यातून जाईनात, आपण वाढायचंच नाही. मला आधी त्यांची कीव आली होती. पण घाट उतरायला लागल्यावर खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटली. आमच्या शेजारी माई राहतात, सोवळ्याओवळ्याच्या घरातल्या. अठरा वर्षांचा शेजार, भिंतीला भिंत. मी त्यांना दर वर्षी नारळ देते, तांदूळ देते, शेवग्याच्या शेंगा देते. सगळं कच्चं. शिजवलेलं कधी नाही. त्या खातील की नाही कोण जाणे, म्हणून मी विचारलंच नाही कधी. त्यांनी एकदाही मला नकार दिलेला नाही. तो मीच त्यांच्या वतीनं अठरा वर्षं देत आले.

बुधवारी शाळा सुटल्यावर तांदळाची खीर केली. पातेलं आणि डाव घेऊन माईंच्या दारात उभी राहिले.

"माई, मी केलीय. वाटी आणा, वाढते."

माईंनी आधी पातेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे.

"थांबा," त्या म्हणाल्या, "मोठी आणते."