विहिरीचं पाणी आणि बाबांचा खर्रा

हे लिहायचा मला अधिकार आहे की नाही, याची खात्री नाही. आमच्या घरात आजवर लिहिलेला सगळ्यात लांब मजकूर म्हणजे जळालेल्या ट्रान्सफॉर्मरबद्दल वीज कार्यालयाला दिलेला अर्ज, आणि तोही मीच नववीत असताना लिहिला होता. तेव्हा चूकभूल झाली तर आधीच माफी मागतो. पण या प्रकाराची सुरुवात माझ्यापासून झाली, म्हणून मीच सांगितलेलं बरं.

मी नागपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर नरखेड तालुक्यात, संत्र्याच्या बागेला लागून. मागच्या वर्षी बाबांच्या छातीत दाटून आलं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि तीन गोष्टी सांगितल्या: रोज गोळी, मीठ कमी, खर्रा बंद. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू नि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेलं आमच्याकडचं दैवत. बाबांनी पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या. तिसरीवर विचार सुरू होता.

अशात वर्गात आर्सेनिक, म्हणजे जमिनीतून विहिरीच्या पाण्यात उतरणारं विष, शिकवलं. मला ते इतकं भिडलं, की शनिवारी घरी जाऊन मी हातवारे करत सगळं सांगितलं. त्याला रंग नाही, चव नाही. असं पाणी वर्षानुवर्षं प्यालं, तर रक्तवाहिन्या कडक होतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. ते सगळ्याच विहिरींत नसतं, हे सांगायचं मात्र राहिलं. एरवी माझं दुसरं वाक्यही न ऐकणाऱ्या बाबांनी टीव्ही बंद केला.

"म्हंजे इहीर!" ते म्हणाले. "लोकं उगाच खर्र्याले बोल लावते!"

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर माझंच व्याख्यान त्यांच्या तोंडून ऐकलं. "पोरगा सायन्स शिकून राहिला. पाण्यानं नसा कडक होते म्हनते. तू घोट गा, जरा बारीक घोट."

खर्र्याच्या रोजच्या दोन पुड्यांच्या चार झाल्या. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग.

घाबरून मी आर्सेनिक शिकवणाऱ्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, पाणी आण, तपासू. माझी परीक्षा चालू होती, म्हणून आईला फोन केला. तिने गावातल्या एका काकांच्या हाती एसटीने बाटली पाठवली. सरांनी झाकण उघडलं. आत तुळशीचं पान तरंगत होतं आणि वाळ्याचा वास येत होता.

"हे तपासायचं की तीर्थ म्हणून घ्यायचं?" सरांनी विचारलं.

मी आईला फोन लावला. "हे विहिरीचंच आहे ना?"

"काही बी बोलतं! तुह्या सरच्या टेबलावर जानार, अन् म्या हिरीचं पानी देऊ? शेजारच्या लग्नातली जार उरली होती, त्यातलं देलं. उकळून."

"उकळून?"

"दोनदा."

मी तिला तपासणी म्हणजे काय ते समजावलं. ती म्हणाली, "पण निस्तं पानी कसं पाठवाव, बाबू? बरं दिसते का?"

परीक्षा संपल्यावर मीच गेलो. बादली सोडली, बाटली तीनदा विसळली, भरली. बाबा काठावर बसून बघत होते.

"बाबा, अन् पाण्यात काही नाही निंगालं त?"

"निंगनच," ते म्हणाले. मग हळूच, "तुह्या मायले सांगू नको. सोमवारी मले पुन्हा दाटलं होतं. भेव वाटते गा."

मी बाटली ठेवली आणि त्यांना मोटरसायकलवर बसवून तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कागदावर हृदयाची रेघ काढली, गोळी बदलली आणि खर्र्याबद्दल पुन्हा तेच सांगितलं.

"पाण्याचा रिपोर्ट यायचा हाय," बाबा त्यांना म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. परतताना बाबांनी कबूल केलं, की विहीर निर्दोष निघाली तर खर्रा बंद.

सरांनी पाणी तपासलं; विहीर निर्दोष निघाली. मी फोनवर सांगितलं. पलीकडे बाबांनी विहिरीची मोटर बंद केली.

"मशीन बरोबर हाय न तुमची?"

"हाय, बाबा."

फोन बंद झाला. पुढे आठ दिवस कुणीच काही सांगेना, आणि विचारायची माझी हिंमत होईना. नवव्या दिवशी आईचा फोन आला. पानठेलेवाला घरी येऊन गेला होता. आठवडा झाला, भाऊ ठेल्यावर दिसले नाही, तब्येत बरी हाय न, असं विचारत होता.