अक्रोडाच्या टेबलाची गिटार

ताईनं जेवणाचं टेबल खोलायचं ठरवलं, तेव्हा पहिला फोन भाऊजींनी मला केला.

"तू ये आधी," ते म्हणाले. "तुह्या बहिणीच्या डोक्यात काय शिरलं ते पाय. टेबलाची गिटार बनवून राहिली म्हणते."

मी अकोल्याला राहते आणि ताई-भाऊजी अमरावतीला. रविवारी सकाळच्या एसटीनं मी गेले. ताई माझ्याहून बरीच मोठी. नोकरीची सगळी वर्षं तिनं लष्करी दवाखान्यांत परिचारिका म्हणून काढली, त्यातली बहुतेक ऑपरेशन थिएटरमध्ये. भाऊजी वीज खात्यात, त्यामुळे ते इकडे आणि ती देशभर. शेवटची मोठी बदली श्रीनगरची होती. भाऊजी तिला भेटायला गेले, तेव्हा दोघांनी मिळून हे टेबल पसंत केलं. भरीव अक्रोडाचं, कडेनं चिनारची पानं कोरलेलं. ते ट्रकमधून अमरावतीला आलं आणि वीसेक वर्षं त्यावर आमच्या घरातले वाढदिवस, साखरपुड्याच्या याद्या, पोरांचे अभ्यास सगळं झालं.

निवृत्त झाल्यावर ताई गिटार शिकायला लागली. का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "आता हाताले काम पायजे ना." एका उन्हाळ्यात ती लग्नासाठी अकोल्याला आली, तेव्हा तिची दुकानातून घेतलेली गिटार दिवसभर बंद गाडीत राहिली. मे महिना आणि अकोला! संध्याकाळी गाडी उघडली तर गिटारीची पाठ एका बाजूनं सुटलेली आणि तारा ज्या पट्टीला बांधतात ती उखडून वर आलेली. दुरुस्तीवाल्यानं बघितलं आणि सांगितलं, प्लायवूड आहे, फेकून द्या.

ताईनं ती फेकली नाही. घरी नेऊन उलथण्यानं उरलेली पाठही सोडवली आणि टॉर्च घेऊन आत डोकावून बसली. पुढच्या वेळी मी गेले, तर मलाही बसवलं.

"हे पाय. आत काईच नाई. पातळ पाट्या, त्याले आधाराले काड्या अन् सरस. पण एकेका काडीचं काम हाय."

पोट उघडलेल्या रोग्याकडे ती कशी बघत असेल, ते मला त्या दिवशी समजलं. त्यानंतर कित्येक महिने ती वाचत राहिली, बाहेरच्या कारागिरांचे व्हिडिओ बघत राहिली. भाऊजींना वाटलं, निघून जाईल डोक्यातून. पण मी त्या रविवारी पोचले, तेव्हा टेबल भिंतीपासून ओढून मधोमध घेतलेलं होतं आणि ताई पेचकस घेऊन त्याच्याखाली आडवी.

"ताई, टेबलच काहून पण?" मी म्हणाले. "सागवानाची फळी आणू ना. परतवाड्याहून आणू."

"सागवान तेलकट. सरस धरत नाई नीट." खालूनच ती बोलत होती. "अन् अक्रोड हलकं असते, वाकवलं तर वाकते. एकदा वाळलं की जास्त फुगत नाई, आकसत नाई. हे तर वीस वर्षं वऱ्हाडात वाळलं. असं लाकूड विकत कुठं भेटते?"

इतकी वर्षं बाहेर काढूनही तिचं बोलणं बदललं नव्हतं. आमच्याकडच्या बायांसारखं ती अजून 'मी करतो, मी जातो' असंच म्हणते.

"मी बनवून पायतो," ती बाहेर येत म्हणाली. "नाई जमलं तर नाई जमलं."

"अन् आमी जेवाचं कुठं?" भाऊजी दारातून म्हणाले.

टेबलाची एक सुटी केलेली फळी ताईनं उचलली, वरचं टोक दोन बोटांत धरून लोंबती ठेवली आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं मधोमध ठोकली. मला ठक्क असा आवाज येईल असं वाटलं होतं. आला तो घंटेसारखा, खोल आणि गोल, आणि थोडा वेळ तसाच खोलीत राहिला. तिनं पुन्हा ठोकली. भाऊजी आत आले, चष्मा वर सरकवून त्यांनी फळीकडे पाहिलं.

"इतक्या वर्षांत हे कदी बोललं नाई माह्याशी," ते म्हणाले. मग खुर्ची ओढत, "आजचा चहा तरी टेबलावर घेऊ दे."

उरलेल्या भागावर कप ठेवून आम्ही तिघांनी चहा घेतला. संध्याकाळपर्यंत टेबल मोकळं झालं.

फळ्या चिरायला अकोल्याला आणल्या. आमच्या घराजवळ एक जुनी आरागिरणी आहे. तिथल्या चाचांनी फळीवरून तळवा फिरवला, वास घेतला.

"ये इधर का माल नहीं," ते म्हणाले.

"काश्मीरचं हाय, चाचा. अक्रोड. दोन सूत, पाव इंच जाडीच्या पाट्या पायजेत," ताई म्हणाली.

"गिटार के वास्ते?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "थांबा बाई. आधी आऱ्याची पट्टी बदलतो. जुन्या पट्टीनं कापलं तर अर्धं लाकूड भुशातच जाईन."

नवी पट्टी चढवून त्यांनी फळी उभी धरली आणि इतक्या हळू पुढे सरकवली की ती सरकते आहे की नाही तेच कळेना. भुसा पडत होता तो कॉफीच्या रंगाचा. चिरून झाल्यावर ताईनं दोन पाट्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवरची प्रत्येक रेघ दुसरीवर उलटी उमटलेली. पूर्णा नदीचं पाणी ओसरल्यावर रेतीत जशा लाटा राहतात, तशा गडद तपकिरी लाटा मधल्या सांध्यापाशी येऊन भिडल्या होत्या. चाचांनी शेजारच्या दुकानातल्या दोघांना हाक मारून ते दाखवलं. ही गिटारीची पाठ होणार होती. पुढच्या बाजूला लागणारं पांढरं, हलकं स्प्रूस नावाचं विदेशी लाकूड मात्र ताईनं कोलकात्याहून मागवलं. मानेसाठी टेबलाखालची आडवी दांडी कामी आली.

सगळ्यात अवघड काम कडा वाकवायचं. रंधा मारून रुपयाच्या नाण्याएवढी पातळ केलेली, हातभराहून लांब पट्टी ओली करून तापलेल्या नळीवर दाबत दाबत तिला गिटारीच्या कमरेचा आकार द्यायचा. ती नळी भाऊजींनी बनवली. कोणी सांगितलं नव्हतं. एक दिवस त्यांनी लोखंडी पाइपाचा तुकडा आणला, जुन्या इस्त्रीची कॉइल आत बसवली, ताप कमीजास्त करायची सोय केली आणि टेबलाच्या जागी आलेल्या कामाच्या फळीवर ती घट्ट आवळून टाकली. "हे माह्या खात्याचं काम," एवढंच म्हणाले.

पहिल्या पट्टीच्या वेळी मी तिथं होते. ओलं फडकं धरून उभं राहायचं काम माझं. पट्टी छान वळत होती, वाफ निघत होती, गरम अक्रोडाचा थोडा कडवट, थोडा भाजक्या दाण्यासारखा वास घरभर पसरला होता. कमरेचा बाक आला आणि कट्ट असा आवाज झाला. पट्टी आरपार मोडली.

ताईनं दोन्ही तुकडे मोडल्या जागी जुळवून पाहिले, उजेडात धरले. मग नळी बंद केली, हात धुतले आणि ओट्याशी जाऊन चहा ठेवला.

"घाई माही झाली," ती म्हणाली. "रेषा तिथं तिरपी होती, अन् लाकूड आतून तापलं नव्हतं. लाकडाची चूक नाई."

चहा झाल्यावर तिनं दुसरी पट्टी घेतली. जास्तीची तेवढीच होती. मी म्हणाले, पुढच्या रविवारी कर. तिनं मान हलवून नाही म्हटलं. या खेपेला ती नळीकडे बघतही नव्हती. तळवे पट्टीवर, डोळे अर्धे मिटलेले. दाबत नव्हती, नुसती टेकून वाट बघत होती. मध्येच म्हणायची, "आता सोडून राहिलं." आणि खरंच, तिच्या हाताखाली लाकूड एकदम सैल व्हायचं आणि वळायचं. बाक जसा हवा तसा आला. दवाखान्यात या हातांनी माणसांना कसं धरलं असेल, याची मला इतक्या वर्षांत कधी कल्पना आली नव्हती. बहीण म्हणून मला तिची पोळी माहीत होती आणि तिचा राग.

कडा, पाठ, आतल्या काड्या सगळं तयार झालं तोवर पावसाळा लागला. भाऊजींना आता गिटार बघायची घाई झाली होती. पण ताईनं गिटारीची पोकळ पेटी बंद करायला नकार दिला.

"आता लाकडात पाणी हाय. आत्ता चिकटवली तर मे महिन्यात आकसून फाटते."

तिनं सगळे तुकडे कपाटात उभे करून ठेवले आणि सगळा पावसाळा त्यांना हात लावला नाही. दिवाळी झाली, डबीतलं मीठ मोकळं पडायला लागलं, तेव्हा तिनं सरस तापवला. पेटी आवळायला भाऊजींनी सायकलच्या जुन्या ट्यूब कापून लांब पट्ट्या केल्या होत्या. त्या तिच्याभोवती गुंडाळल्यावर गिटार मलमपट्टी केलेल्या रोग्यासारखी दिसत होती. ताईला हसू आवरेना. नंतर लाखेच्या पॉलिशचे हात, एकावर एक, कापडाच्या बोळ्यानं. प्रत्येक हातानं अक्रोडाचा रंग आणखी खोल जायचा.

तारा चढवल्या त्या दिवशी मी मुद्दाम गेले. पहिल्यांदा वाजवली तर एक तार घरघरली. ताईनं ती उतरवली, कानशीनं तिची बसायची खाच नीट केली, पुन्हा चढवली. मग तिनं सहाही तारा सावकाश छेडल्या.

दुकानातल्या गिटारीचा आवाज मला नेहमी सगळा एकात मिसळलेला वाटायचा. इथं एकेक तार वेगळी ऐकू येत होती. स्वच्छ, जराशी कोरडी, पण ऊबदार. वाजून झाल्यावर फार लांबत नव्हती, म्हणायचं ते म्हणून थांबत होती. ताईनं गिटार माझ्या मांडीवर दिली आणि म्हणाली, "पोटाशी धर." स्वतः वाकून तिनं जाड तार छेडली. पाठीचं लाकूड माझ्या पोटावर थरथरलं. मला काही वाजवता येत नाही, पण मी ती बराच वेळ परत दिली नाही.

पुढच्या मे महिन्यात पाठीला केसाएवढी चीर पडली. इतकी काळजी घेऊनही पडली. गिटार ठेवायच्या खोक्यात ओला स्पंज ठेवायची, उन्हात नेत नव्हती, तरीही. भाऊजींचा चेहरा उतरला. ताईनं आरसा आणि छोटा दिवा आत सोडून चीर शेवटपर्यंत बघितली. गरम सरस बोटानं आत जिरवला आणि आतून अक्रोडाचे छोटे चौकोनी तुकडे लावले. बाहेरून बोट फिरवलं तर आता काही लागत नाही.

"टाके पडले, बस," ती म्हणाली. "माणसं याहून मोठे टाके घेऊन फिरतात."

सरस वाळेपर्यंत गिटार तशीच पडून होती. मी तिथंच मुक्कामाला होते. चौथ्या की पाचव्या दुपारी तिनं ती उचलली, सूर लावले आणि वाजवायला बसली. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि खिडकीतला कूलर एवढा घोंगावत होता की पहिल्या चार तारा ऐकूच आल्या नाहीत. भाऊजी उठले, त्यांनी कूलर बंद केला आणि पदरानं, पंच्यानं घाम पुसत आम्ही दोघं ऐकत बसलो.