हाताखालची थरथर

गल्लीत सगळे त्यांना 'ओले मामा' म्हणायचे, कारण त्यांचे हात कधी कोरडे दिसलेच नाहीत. मामा कातडी कमावण्याच्या कारखान्यात होते. चुन्याच्या पाण्यात भिजलेल्या कातड्यांवरचे केस खरवडायचे, ती हौदात झाडांच्या सालींच्या तांबूस पाण्यात मुरवायची आणि शेवटी तेल चोळून वाळवायची, यातच त्यांची हयात गेली.

हात कामात असले तरी मन भलतीकडेच असायचं. कातड्यावर काट्याचा जुना ओरखडा बोटांना लागला की ते पुटपुटायचे, "ही कुंपणातून पळालेली दिसते. द्वाडच असणार." मग हौदाच्या पाण्यात त्यांना हिरवंगार कुरण दिसू लागायचं.

म्हातारपणी कारखान्यातलं काम सुटल्यावर भाचीने त्यांना हवापालटाला आपल्या सासरी नेलं. तिथल्या गोठ्याच्या दारात, आत बांधलेली म्हैस बघून मामा अडखळले.

"ये ना मामा, मारकी नाहीये ती," भाची हसली.

मामांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातांना कातडं ठाऊक होतं ते थंडगार, जड आणि गप्प. हे तर ऊबदार होतं. इतक्यात माशी बसली आणि सगळी पाठ थरथरली.

"अगं, हे हलतंय!"

"मग? तिचंच आहे ना ते अजून!"

धार काढून भाची घरात गेली, ऊन भिंतीवर चढलं, तरी मामा डोळे मिटून तिथेच उभे होते. म्हशीने वळून त्यांच्या खांद्यावर नाक घासलं, तेव्हा ते झोपेत हसावं तसे हसले.