लॉर्डीणबाईंची मागची सीट

गल्लीत तिला सगळे लॉर्डीणबाई म्हणत. नवरा गॅरेजातून निवृत्त झालेला मेकॅनिक. त्याने भंगारातून एक जुनी ब्रिटिश लिमोझिन ओढून आणली आणि घराशेजारच्या शेडमध्ये उभी केली. असल्या गाड्या मुळातच मोजक्या बनलेल्या, त्यामुळे एकेका स्क्रूसाठी तो तहानभूक विसरायचा. गल्लीने त्याला लॉर्ड ही पदवी देऊन टाकली. बायको आपोआप लॉर्डीण झाली.

सुरुवातीला तिने त्या धुडाला मनसोक्त शिव्या घातल्या. मग मागची सीट तयार झाली. मऊ कातडं, पाय पसरायला ऐसपैस जागा, पुढच्या सीटच्या पाठीतून उघडणारं अक्रोडाच्या लाकडाचं टेबल, आणि पुढच्या-मागच्या भागांमध्ये जाड काच. काच वर करून पडदा ओढला की आत कोण आहे याचा पत्ता लागायचा नाही. घरात दोनच खोल्या, आणि दोन्हींत सासूबाईंचे कान. लग्न झाल्यापासून दार लावून बसता येईल अशी ही तिची पहिलीच जागा.

दुपारी ती आणि धाकटी जाऊ तिथे भाजी निवडत बसत. पुढे डॅशबोर्डखाली लॉर्डचे नुसते पाय दिसायचे.

"जाऊबाई, हळू! भाऊजी पुढेच आहेत."

"असू देत. एवढ्या जाड काचेतून काय ऐकू येणार त्यांना?"

"आणि ही जाळी?"

सीटजवळ पितळी जाळी होती. पूर्वी मालकाने तिच्यात बोलायचं आणि आवाज पुढे ड्रायव्हरपाशी उमटायचा. "ते यंत्र मेलंय. त्यांनीच सांगितलंय मला."

मग काय, तोंडाला आवर कसला!

"जेवताना असा भुरका मारतात, शेजारचं कुत्रं दचकून उठतं."

"आणि तो पिवळा शर्ट?"

"त्यात तर पिकलेलं केळं दिसतात अगदी!"

पुढे कधीतरी लॉर्डचे भुरके बंद झाले. पिवळा शर्ट गाडी पुसायला निघाला. उतारवयात का होईना अक्कल आली, असं म्हणून लॉर्डीणबाई खूश झाली.

तेवढ्यात एक हॉटेलवाला गाडीवर लट्टू झाला. "ज्या दिवशी चालू कराल, त्या दिवशी नेतो." सासूबाईंनीही शेड मोकळी करण्याचा धोशा लावलेला. लॉर्डने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी चहा द्यायला गेलेल्या लॉर्डीणबाईने फडक्यावर ठेवलेला रोटर उचलला. अंगठ्याएवढा तुकडा, पण त्याच्याशिवाय इंजिनात ठिणगी पडत नाही, आणि या गाडीचा रोटर बाजारात मिळत नव्हता.

"शिवणाच्या डब्यात टाकलाय, बटणांखाली," तिने मागच्या सीटवर जावेला सांगितलं. "चालूच झाली नाही तर नेतो कसा?"

लॉर्डने शेड पालथी घातली. रांगत रांगत कोपरे धुंडाळले. जेवणावरचं लक्ष उडालं. ते तिला बघवेना. शेवटी सीट गेली तर गेली, असं ठरवून ती रोटर घेऊन गाडीत पुढे शिरली. ड्रायव्हरच्या सीटखाली टाकला की घरंगळत गेला असेल असं वाटलं असतं.

ती वाकली तोच मागचं दार उघडलं. लॉर्ड हॉटेलवाल्याला घेऊन आला होता. ती तशीच स्टिअरिंगखाली दडली. काच वर होती, मध्ये पडदा होता. पण कानाशी खरखर झाली आणि डॅशबोर्डमधून हॉटेलवाल्याचा आवाज स्वच्छ उमटला.

"मग कधी चालू करताय?"

"एक तुकडा हरवलाय," नवऱ्याचा आवाज. "कुठे मिळायचा नाही. तुम्ही दुसरी गाडी बघा."

"नीट शोधा की!"

"सगळं शोधलं साहेब. बायकोनेसुद्धा घर धुंडाळलं बिचारीने."

लॉर्डीणबाईचे कान तापले. भुरके, केळं, बटणं... या माणसाने सगळं ऐकलं होतं!

हॉटेलवाला तणतणत निघून गेला. मागची सीट करकरली. लॉर्ड ऐसपैस बसला असावा.

"अगं," डॅशबोर्ड म्हणाला, "तुला आत शिरताना पाहिलं मी. पायात मुंग्या आल्या असतील. बाहेर ये. आणि तो रोटर परत बटणांखाली ठेव. मलाही कुठे विकायची होती? आईसमोर नाही म्हणवेना, म्हणून शोधायचं नाटक. बाकी, केळं जरा जास्तच झालं हं!"

या यंत्रातून पुढच्याला मागे बोलता येत नव्हतं. नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर न ऐकता बोलायला मिळालं होतं.

ते तिला कसं चालावं? तिने हात उचलून हॉर्न दाबला, आणि सासूबाई बाहेर येईपर्यंत सोडला नाही.