ओठांतल्या टाचण्या

अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या खालच्या अपार्टमेंटमधली बाई चर्चला जाणाऱ्या बायकांसाठी हॅट बनवते. ओठांत कायम टाचण्या, त्यामुळे काहीही सांगा, उत्तर एकच, "हं." आनंदाचं हं वेगळं, कंटाळ्याचं वेगळं, हे मला आता कळतं. टाचण्या तोंडातून काढल्या, की प्रकरण गंभीर.

लेकीच्या शाळेतल्या नाटकासाठी तिनं एक निळी लोकरी हॅट दिली होती. बायका हॅटशिवाय चर्चची पायरी चढत नसत, त्या काळात तिच्या आईनं केलेली. पुण्याहून आलेली माझी आई म्हणाली, "दुसऱ्याची वस्तू धुऊनच परत करावी." मी ऑफिसात असताना तिनं ती बादलीत बुचकळली. संध्याकाळी हॅटचं फडकं झालं होतं.

ते घेऊन मी खाली गेले आणि आईनं काय केलं ते सांगितलं. तिनं एकेक टाचणी काढून ठेवली. तिनं फडकं लाकडी साच्यावर चढवलं, दोन्ही तळव्यांनी खाली ओढलं आणि म्हणाली, "ओली केल्याशिवाय हॅट आकार घेते कुठे? आईला सांग, अर्धं काम तिनंच केलं."

टाचण्या परत ओठांत गेल्या. मी थँक्यू म्हटलं.

"हं."

आनंदाचं होतं.